श्रावणाचा ताप

आमच्या घरात एक ताप होता, त्याला आम्ही श्रावणाचा ताप म्हणायचो. तो फक्त माझ्या धाकट्या भावाला यायचा आणि फक्त श्रावणातच यायचा. आषाढातली अमावस्या झाली, श्रावण लागला की एकदोन दिवसांत त्याचे हात कापायला लागायचे, अंग घामानं ओलं व्हायचं, खाल्लेलं पोटात राहायचं नाही. आमची आई, अव्वा, त्याच्यासाठी घोंगडी आधीच उन्हात टाकून ठेवायची. ओव्याचा काढा, कपाळावर ओली पट्टी, गावातल्या डॉक्टरांची सलाइन. आठवडा सरता सरता तो उठून बसायचा आणि ताकातल्या कण्या मागायचा. पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही? पाणी बदलतं, डास असतात. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

यंदाचा श्रावण लागला आहे. घरात कुणाला ताप नाही. घोंगडी माळ्यावर आहे, ती खाली काढायचं कुणी बोललं नाही. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. लिहायची सवय आहे म्हणून लिहायला बसते, पण चार ओळी झाल्या की थकायला होतं. मग वही मिटून भावजयीला तांदूळ निवडू लागते.

आमचं गाव बीदरकडचं खटकचिंचोळी, घर लिंगायतांचं. बोलायचो मराठी, पण नाती कन्नडात होती. आईला अव्वा, वडिलांना अप्पा, मी अक्का, आणि धाकटा भाऊ म्हणून तो तम्मा. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्या संसारातच माझं आयुष्य गेलं. त्याचं बाजारात भुसाराचं दुकान होतं. तूर, मूग, उडीद. मूठभर तूर तळहातावर घेऊन तो नुसती हलवायचा आणि कुठल्या रानातली ते सांगायचा. माणूस हसरा होता. पीत होता.

लिंगायत घरात गळ्यात लिंग बांधलेलं असतं, आणि ते गळ्यात असताना दारूला शिवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. कुठं लिहिलेला नाही, पण लहान पोरालाही माहीत असतो. तम्मा तो पाळायचा. संध्याकाळी दुकान बंद करून घरी यायचा, हातपाय धुवायचा, देवघरात जाऊन गळ्यातला दोरा काढायचा, लिंगाची चांदीची डबी कपाळाला लावून खुंटीला अडकवायचा आणि बाहेर पडायचा. सकाळी आंघोळ केली की पुन्हा गळ्यात. यात लपवाछपवी नव्हती. अप्पा होते तोवर म्हणायचे, "पोरगा पितो, पर देवाला फसवत न्हाई." आणि अव्वा कुणी दुकानदार त्याला शोधत आला की आतूनच सांगायची, "खुंटी बघून सांगते थांब."

आम्हाला सगळ्यांनाच ती खुंटी बघायची सवय लागली. डबी तिथं नसली की घर हलकं असायचं. माणसाच्या चेहऱ्याकडं बघायचं राहून जायचं.

पिण्याची रीत आमच्या डोळ्यांसमोर बदलत गेली. अप्पांच्या तरुणपणी शिंदी होती, सकाळी झाडावरून उतरवलेली. म्हातारे ती दारूत धरतच नसत. मग पाकिटातली देशी दारू, सारायी, आली, दातानं कोपरा फाडून प्यायची, आणि शाळेच्या वाटेवर रिकामी पाकिटं पाचोळ्यासारखी उडायची. सरकारनं ती बंद केली तेव्हा आमच्या गल्लीत बायकांनी साखर वाटली. साखर वाटलेल्या हातांचा चिकटपणा जायच्या आत कागदी खोक्यातली व्हिस्की आली. आम्ही राहतो ते असं ठिकाण की एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगण. इकडं काही बंद झालं की तिकडून येतं, तिकडं महागलं की इकडून जातं. तम्माची मुलगी कलबुर्गीला शिकते. ती सुटीत आली की म्हणते, "आत्या, तिथं पोरं पीत न्हाईत. वास येतो म्हनून. मेडिकलातल्या गोळ्या घेतात, खोकल्याच्या बाटल्या, नायतर गांजा. घरी आले तर कुणालाच कळत न्हाई." मी शाळेत होते त्या शेवटच्या वर्षांत मैदानाच्या कुंपणाजवळ खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडायच्या. शिपाई त्या गोळा करून भंगारात द्यायचा. एवढ्या पोरांना खोकला कामून झालाय, असं तो मला खरोखरच्या काळजीनं विचारायचा.

पण तम्माच्या पिढीचा श्रावणावर विश्वास होता. आमच्याकडं श्रावणात मठात महिनाभर संध्याकाळी पुराण चालतं. आषाढी अमावस्येला पिणारे पोटभर पिऊन घेतात, दुसऱ्या दिवसापासून बंद. पहिल्या सोमवारी मठातल्या गद्दगीसमोर, म्हणजे मूळ स्वामींच्या समाधीसमोर, दोन्ही हातांत नारळ धरून उभं राहायचं आणि महिनाभराची शपथ घ्यायची. गावातला बार ओस पडतो. बारवाला शटर अर्धं ओढून सासरवाडीला जातो. चहाच्या हॉटेलात चेष्टा चालते.

"काय मालक, आज चहा? साधू झालाव का?"

"महिनाभर साधू, मग हायच की आपला धंदा."

"आरं, साधूला उधारी देऊ नगा, साधू भाद्रपदात वळखत न्हाई."

तम्मानं एकही श्रावण मोडला नाही. लग्न, जत्रा, दुकानातली तेजी, काहीही असो. श्रावण लागला की डबी गळ्यात, ती महिनाभर खुंटीला दिसायची नाही. मठात पंगतीत वाढायला तोच पुढं असायचा. भावजयीचा चेहरा त्या महिन्यात वेगळा दिसायचा. ती नवीन साडी श्रावणातच नेसायची. आणि बाकीच्या अकरा महिन्यांत कुणी त्याच्याबद्दल वाईट बोललं की अव्वा म्हणायची, "माझा पोरगा श्रावणात थेंबाला शिवत न्हाई. ज्याला सोडता येतंय त्याला दारुडा म्हनत न्हाईत." त्यालाही हेच वाटायचं. मलाही ते पटायचं. मनात आणलं तर सोडेल, दरवर्षी सोडतोच की.

ताप मात्र वाढत गेला. आधी नुसते हात कापायचे. मग विभूती लावताना बोटं कपाळावर न लागता डोळ्यात जायची. एका श्रावणात त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. "अव्वा, तुरीला मुंग्या लागल्या, पोती हलवा," असं तो घरातल्या कोऱ्या भिंतीकडं बघून सांगत राहिला. अव्वानं मुंग्यांसाठी भिंतीच्या कडेनं हळद टाकली, त्याला बरं वाटावं म्हणून. पुढच्या वर्षी त्याला अप्पा दिसले, दुकानातल्या गादीवर बसलेले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. श्रावणात वडील दिसले म्हणजे चांगलंच, असं म्हणालो.

दारू सुटावी म्हणून दुसरे उपायही झाले. उदगीरकडचा एक वैद्य पुडी द्यायचा, न सांगता जेवणात घालायची. भावजयीनं ती वरणात घातली. तम्मानं पहिला घास घेतला, थांबला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "आज वरणाला वैद्याचा वास येयलाय." ती रडायला लागली तेव्हा त्यानं ते वरण ताटभर खाल्लं. मग संध्याकाळभर परसात ओकत बसला. ती पाणी घेऊन शेजारी उभी होती. पुडी पुन्हा आणली नाही.

एकदा भालकीच्या मंगल कार्यालयात दारू सोडण्याचं शिबिर भरलं होतं. तिथं भजनं होती, भाषणं होती, एकमेकांना मिठी मारून रडणं होतं. शेवटच्या दिवशी बायकांना बोलावून त्यांच्यासमोर नवऱ्यांना हार घातले. तम्मा हार घेऊन घरी आला आणि तो दुकानातल्या काट्याला अडकवला. हार वाळला तरी काढला नाही. पुढं लग्नसराई आली, एका वरातीत कुणीतरी हातात पेला दिला. दुसऱ्या दिवशी हार तिथं नव्हता, आम्ही कुणी विचारलं नाही. लातूरकडं एक केंद्र आहे असं कुणी सांगितलं म्हणून मी आणि भावजय बघून आलो. आत माणसं खिडकीच्या गजांना धरून उभी होती, आणि आमच्याकडं अशी बघत होती की आम्ही चहाही न घेता निघालो. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "अक्का, पिऊ द्या. तितं न्हाई ठेवायचं."

मग दोन वर्षांमागचा श्रावण आला. मठात पंगत बसली होती. तम्मा भाताचं घमेलं घेऊन वाढत होता. हात कापत होते, पण त्याची आम्हाला सवय होती. अचानक घमेलं हातातून सुटलं, तो ताठ झाला आणि भातावरच पडला. तोंडातून फेस आला, पाय झाडायला लागला. कुणी म्हणालं मिरगी, कुणी म्हणालं उपास सोसला नाही. एकानं नाकाशी चप्पल धरली, एकानं कांदा फोडला. कुणाच्या तरी जीपमध्ये घालून त्याला बीदरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी, अव्वा आणि भावजय मागच्या सीटवर.

तिथं मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ती तरुण होती, दक्षिणेकडची, तिचं कन्नड आमच्या कन्नडापेक्षा मऊ. तिनं पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं कधी प्याले?"

अव्वा ताठ बसून म्हणाली, "माझा पोरगा श्रावणात पीत न्हाई."

"म्हणजे अमावस्येला बंद केलं. एकदम?"

"एकदमच करतेत. श्रावण का हळूहळू लागतो?"

"दरवर्षी?"

"हां. दरवर्षी." अव्वाच्या आवाजात केवढा तरी अभिमान होता. "एक श्रावण मोडला न्हाई त्यानं."

डॉक्टरनं लिहायचं थांबवलं. मग तापाबद्दल विचारलं. घाम, कापरं, मुंग्या, अप्पा. आम्ही एकेक सांगत गेलो आणि ती मान हलवत गेली, जणू आमच्या घरात राहून गेलेली. मग तिनं सावकाश सांगितलं. तो ताप पावसाचा नाही. शरीराला रोज दारूची सवय लागली की ती एका दिवसात तोडता येत नाही. तोडली तर कापरं भरतं, नाही ते दिसतं, झटके येतात, जीवही जातो. आणि असं दरवर्षी तोडत गेलं की दर खेपेला जास्त जोरानं येतं. सोडायची आहेच, पण ती दवाखान्यात, गोळ्या देऊन, लक्ष ठेवून, उतरवत उतरवत. आणि नंतरही बराच काळ औषध, बोलायला यायचं, पुन्हा प्याला तरी यायचं.

अव्वाला हे सगळं कळलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिनं मराठीत, मला विचारल्यासारखं विचारलं, "म्हंजे आमी देवासाठी सोडायलो, आन त्याचाच हा ताप?"

डॉक्टरला मराठी येत नव्हतं, पण तिला प्रश्न समजला असावा. तिनं अव्वाच्या हातावर हात ठेवला आणि कन्नडात म्हणाली, "अव्वा, पुढच्या वेळी श्रावणाच्या आधी या. महिनाभर आधी. श्रावण लागेल तोवर ते बरे झालेले असतील. मग खुशाल नारळ धरू दे."

पलंगावरून तम्मा हळूच म्हणाला, "डॉक्टर, त्यापेक्षा श्रावणच तेवढा पुढं ढकला की." ती हसली. आम्हीही हसलो. जीव वाचल्याचं हसू होतं ते.

त्यानंतरचे महिने मी सांभाळून आठवते, वापरून झिजू नयेत म्हणून. तो गोळ्या घेत होता. महिन्यातून एकदा बीदरला जाऊन डॉक्टरशी बोलून यायचा, येताना अव्वासाठी खवा आणायचा. डबी गळ्यात होती, श्रावण संपल्यावरही. संध्याकाळी घरात असा माणूस असतो हे आम्हाला नवीन होतं. त्याला संध्याकाळचं काय करावं कळायचं नाही. माझ्या कपाटातलं पुस्तक काढून दोन पानं वाचायचा, मग मिटून विचारायचा, "अक्का, तुला कधी कंटाळा येत न्हाई का गं, दुसऱ्याच्या गोष्टी वाचायला?"

बाजारात मात्र त्याला नाव पडलं होतं. गोळीवाला साधू. "आमी बिनगोळीचे साधू हाव, तू गोळीवाला," असं लोक म्हणायचे, चेष्टेत, पण रोज. एकदा मठात एक म्हातारे बोलून गेले की लिंग गळ्यात असताना वर गोळी कशाला, भरवसा न्हाई का? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भावजयीला नंतर कळलं की गोळ्यांचं पाकीट भरलेलंच आहे. तुरीची आवक सुरू झाली त्या सुमारास एका संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, देवघरात गेला. खुंटीवर डबी टेकल्याचा आवाज आला. मी आणि भावजय स्वयंपाकघरात होतो. तिनं पोळपाटावरची भाकरी थापायची थांबवली नाही.

गेल्या वर्षी ज्येष्ठातच तिनं पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, लुंगी, थर्मास, बीदरचे जुने कागद. पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, येता-जाता दिसावी म्हणून. तम्मा रोज म्हणायचा, जाऊ. मुगाचं बघून जाऊ. ह्या बाजारानंतर जाऊ. आषाढ निम्मा झाला तेव्हा मी दुकानात जाऊन त्याच्यासमोर बसले. गिऱ्हाईक नव्हतं.

"कधी जायलास तम्मा?"

"जातो की."

"अमावस्या जवळ आली. डॉक्टर काय म्हणाली होती आठवतंय का?"

"आठवतंय." तो पोत्यातली तूर मुठीत घेऊन सोडत होता. "अक्का, सगळं गाव मला काय म्हनतंय माहीत हाय का तुला? दारुडा. व्हय, हाय मी. पर ते पुढं काय म्हनतेत? पर श्रावणात सोडतो गड्या. तेवढंच एक हाय माझ्याजवळ. आता बीदरला जाऊन झोपलो तर म्हनतील, ह्याला श्रावण बी जमंना झालाय."

"म्हणू दे."

"तुझं बरं हाय, तुला गावात कोनी काय म्हनत न्हाई."

"जीव जाईल म्हणाली ती."

"दरसाल जातो का? दरसाल ताप येतो आन उतरतो." मग माझा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "बरं, अमावस्येच्या आधी जाऊ. पिशवी भरलेलीच हाय की."

अमावस्येच्या आधी पाऊस लागून राहिला, एक सौदा अडकला, भावजय दोनदा तयार होऊन बसली. अमावस्या झाली. श्रावणाच्या पहिल्या सकाळी तो आंघोळ करून देवघरात गेला आणि डबी गळ्यात घालून बाहेर आला. भावजय दारात पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, "अजून बी चला. आजच चला." तो म्हणाला, "सोमवारचा नारळ होऊ दे, मंगळवारी तू म्हनशील तितं येतो." अव्वानं त्या वर्षी घोंगडी उन्हात टाकली नव्हती. मला वाटतं, तेवढाच तिचा विरोध होता.

सोमवार आला नाही. आदल्या दिवशी सकाळी दुकान उघडताना पहिला झटका आला. त्यातून शुद्धीवर यायच्या आधी दुसरा. शेजारच्या दुकानदारांनी गाडी काढली. भावजयीनं पिशवी घेतली. बीदर लांब होतं तेव्हाच तिनं ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितली. ड्रायव्हर मागं वळून बघू लागला तर म्हणाली, "आता घाई न्हाई."

आमच्यात पुरताना माणसाला बसवतात, आणि गळ्यातलं लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. तसंच ठेवलं. त्याचा हात आता कापत नव्हता. विभूती लावून झाली. जमलेल्यांमधले एक वयस्कर गृहस्थ, त्याच्यावर खरंच जीव असलेले, मोठ्यानं म्हणाले, "श्रावणात गेला. गळ्यात लिंग असताना गेला, शुद्ध गेला. कुणाच्या नशिबी येतंय असं?"

माणसांनी माना हलवल्या. अव्वाकडं बघून कुणी हात जोडले. तेव्हा भावजय बोलली. ती कधी चार माणसांत बोलणारी नव्हती.

"त्या दिवशी घोटभर प्याले असते तर आज जित्ते असते."

कुणीतरी तिला धरलं. कुणी म्हणालं, डोकं ठिकाणावर न्हाई बिचारीचं. तिचं डोकं ठिकाणावर होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते.

वर्षभर ती दुकान चालवते आहे. तिला तुरीचं रान सांगता येत नाही, पण काट्याला हात पक्का आहे. यंदा आषाढ लागला तशी ती मठात गेली, मला सोबत घेऊन. स्वामी मध्यम वयाचे, ऐकून घेणारे आहेत. तिनं सांगितलं की पुराणाच्या आधी एक दिवस गावाला बोलावून सांगा, जे रोज पितात त्यांनी अमावस्येला एकदम सोडू नका, आधी दवाखान्यात जा.

स्वामींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "अम्मा, मी या गादीवर 'सोडा' म्हनायला बसलोय. 'एकदम सोडू नका' कसं म्हनू? अर्धं ऐकतील, अर्धं सोडून देतील. मग म्हनतील, स्वामींनीच पी म्हटलं."

"मग मी काय करू?"

ते म्हणाले, "नारळ द्यायला उभी राहा. कुणाला द्यायचा, कुणाला थांबवायचं, तुझं तू बघ. मी आडवं येत न्हाई."

यावर आम्ही परत आलो. वाटेत ती नारळ किती लागतील याचा हिशेब करत होती. मला वाटलं होतं, ती चिडेल.

काल पहिला सोमवार होता. ती गद्दगीच्या दाराशी नारळांच्या टोपलीजवळ उभी राहिली. अव्वाला चालवत नाही, तरी ती आली आणि शेजारच्या पायरीवर बसली. मी खांबाशी. पुरुष ओळीनं येत होते, काही तोंडओळखीचे, काही तम्माच्या बरोबरीचे. भावजय प्रत्येकाच्या ओंजळीत नारळ ठेवायची आणि लगेच हात काढायची नाही. बहुतेक माणसं वर्षातून चार वेळा पिणारी, हात स्थिर. एकजण म्हणाला, "काय वहिनी, तपासनी चाललीय का?" ती म्हणाली, "व्हय." तो हसला आणि पुढं गेला. आणखी एकानं नारळ तिच्या हातातून ओढूनच घेतला. त्याचे हात कापत होते, पण तो थांबला नाही, आणि त्याची आई आमच्याकडं असं बघून गेली की मी नजर वळवली.

ओळ सरत आली तेव्हा अव्वानं भावजयीचा पदर ओढला. पायरीवर बसल्यामुळे तिची नजर बरोबर हातांच्या उंचीला होती.

"ते बघ," ती म्हणाली. "त्या शेवटच्याचा. नारळ हलायलाय."

तो बाजारातला हमाल होता, तम्माच्या दुकानातली पोती उतरवणारा. घरून आणलेला नारळ त्यानं छातीशी दाबून धरला होता, तरी शेंडी थरथरत होती. अंगात सदरा घामानं चिकटलेला. भावजय ओळ सोडून त्याच्याकडं गेली.

"दादा, कधी बंद केलं?"

"अमावस्येला वहिनी. कसम. थेंब न्हाई."

"ताप हाय का?"

"हाय थोडा. श्रावणात येतो मला."

तिनं त्याच्या हातातून नारळ घेतला आणि अव्वाच्या मांडीवर ठेवला. "हा इथं ऱ्हाऊ दे. आधी बीदरला चला."

"आज? आज सोमवार हाय वहिनी. नारळ..."

"नारळ मी धरते," अव्वा म्हणाली. "तू जा बाबा."

तो कधी अव्वाकडं, कधी गद्दगीकडं बघत उभा राहिला. लोक बघायला लागले होते. तो येईल की नाही ते मला कळत नव्हतं. भावजयीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि मी पिशवी आणायला घरी गेले. गाडीतून परत आली तेव्हापासून ती दाराशेजारच्या खिळ्यालाच होती.